वैराग्य की विषण्णता?



द्रोणागिरी हे नाव आज आपल्या व्यापारी घरांत कंटेनर, गोदाम आणि क्लिअरिंगच्या कागदपत्रांच्या संदर्भात उच्चारले जाते. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि उरणकडचा मिठागरांचा व भातशेतीचा हा पट्टा पाहता पाहता गोदामांचा झाला. त्या डोंगराच्या नावाशी मात्र संजीवनीची स्मृती जोडलेली आहे. मूर्च्छित लक्ष्मणासाठी हनुमंताने उचलून आणला तो पर्वत द्रोणागिरी.

आपल्या परंपरेत हाच प्रसंग निराळ्या रीतीने येतो. विमलसूरींच्या 'पउमचरिया'त शक्तीचा आघात झालेल्या लक्ष्मणाला कोणतीही वनस्पती बरी करीत नाही. बरी करते ती राजा द्रोणमेघाची कन्या विशल्या. पूर्वभवीच्या तपाच्या प्रभावाने तिच्या स्नानजलातही व्याधी दूर करण्याचे सामर्थ्य आलेले असते. जिच्या सान्निध्यात शल्य उरत नाही, ती विशल्या. आपल्या घराघरांतून अशी एखादी विशल्या असतेच. कोणाला ताप आला, कोणाचा पथ्याचा काढा राहिला, कोणाची साखर वाढली, हे सर्व तिच्या ध्यानात असते. ती स्वतःच अंथरुणाला खिळली तर काय, हा प्रश्न कथेत येत नाही. घरात तो येतो, आणि बहुधा उत्तराविना राहतो.

मागील काही वर्षांत या परिसरातून मोठ्या रुग्णालयांपर्यंत पोहोचणे पुष्कळ सुकर झाले आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला. त्याच दिवशी लोकल गाडीही उरणपर्यंत धावू लागली. जवळजवळ बावीस किलोमीटरचा हा पूल ओलांडून शिवडीला उतरले की तेथेच क्षयरोग रुग्णालय आहे, आणि थोडे पुढे परळला केईएम व १९४१ पासून कार्यरत असलेले टाटा स्मारक रुग्णालय. खाडीच्या अलीकडे, पनवेल तालुक्यातच, खारघरला टाटा स्मारकाचे संशोधन व उपचार केंद्र आहे. शरीराच्या उपचाराची वाट अशी तासाभराची झाली. त्या उपचारांच्या महिन्यांत रुग्णाच्या मनाचे काय होते, आणि रुग्ण स्त्री आहे की पुरुष यावर घर त्या मनाकडे कसे पाहते, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

प्रथम एक शब्द निश्चित करून घेऊ. डॉक्टर ज्याला डिप्रेशन म्हणतात, त्यासाठी मराठीत 'उदासीनता' हा शब्द सर्रास वापरला जातो. जैन वाचकाच्या बाबतीत तो घोटाळ्याचा ठरतो. उदासीन म्हणजे उत् + आसीन. रागद्वेषाच्या वर बसलेला, तटस्थ. आपल्या आध्यात्मिक वाङ्मयात उदासीन भाव ही साधकाची उंची मानलेली आहे. म्हणून या लेखात मी त्या आजाराला विषण्णता म्हणणार आहे. हा केवळ शब्दच्छल नव्हे, हे पुढे दिसेल.

सर्वसाधारण लोकसंख्येत विषण्णता स्त्रियांमध्ये पुरुषांच्या सुमारे दीडपट आढळते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यावरून आपण सहज असे गृहीत धरतो की गंभीर आजारातही स्त्रीच खचणार आणि पुरुष धीर धरणार. प्रत्यक्ष पुरावा या समजुतीला तितकासा साथ देत नाही. २०११ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात ॲलेक्स मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करुग्णांवरील ९४ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. हे सर्व अभ्यास रुग्णाशी प्रत्यक्ष मुलाखत घेऊन निदान केलेले होते. कर्करोग विभागात उपचार घेणाऱ्या साधारण दर सहा रुग्णांपैकी एकाला विषण्णतेचा आजार होता. आणि वय किंवा स्त्री-पुरुष भेद यांचा त्यावर परिणाम दिसला नाही.

रोगागणिक चित्र बदलते, हेही सांगितले पाहिजे. मधुमेहावरील २००१ मधील एका मोठ्या विश्लेषणात विषण्णतेचे प्रमाण स्त्रियांत २८ तर पुरुषांत १८ टक्के आढळले. हृदयविकाराच्या झटक्यानंतरही ते स्त्रियांत अधिक असते. तरी कर्करोगाचा तो निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रशिक्षित माणूस समोर बसून, वेळ देऊन, नेमके प्रश्न विचारतो तेव्हा पुरुषही जवळजवळ तितकाच खचलेला आढळतो. मग घरात तो खचलेला का दिसत नाही? आणि स्त्री खचलेली दिसली तरी तिच्यासाठी कोणी काही का करीत नाही? मला वाटते, अशा आजारात भेद रुग्णाच्या मनात असतो त्याहून अधिक पाहणाऱ्याच्या दृष्टीत असतो.

पुरुषाचे आधी पाहू. आपल्या समाजात पुरुषाची ओळख पेढीवरच्या गादीशी बांधलेली असते. पंचावन्न-साठीतील एखाद्या गृहस्थाची बायपास होते, किंवा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणे सुरू होते. मुलगा व्यवहार हाती घेतो; ते योग्यच असते. हळूहळू चेकवर सही मुलाची होते, माल कोणाला उधार द्यायचा हे मुलगा ठरवतो, ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन मुलाला जातो. वडिलांना सकाळी तासभर दुकानात आणून बसवतात, चहा देतात, आणि कोणीही काही विचारीत नाही. ते किरकोळ कारणावरून नोकरावर ओरडतात. घरी आले की ताट बाजूला सारतात. कोणी भेटायला आले तर झोपल्याचे निमित्त करतात. घर म्हणते, 'आजारपणाने बापूजींचा स्वभाव चिडका झालाय.' विषण्णता हा शब्द कोणाच्याही मनात येत नाही, कारण त्यांच्या डोळ्यांत पाणी नसते. पुरुषाच्या विषण्णतेत अश्रूंपेक्षा संताप, अबोला, अतिरिक्त काम आणि व्यसन ही रूपे अधिक दिसतात, हे मनोविकारतज्ज्ञ जाणतात. आपण त्याला स्वभाव म्हणून सोडून देतो.

भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. तंबाखू, गुटखा आणि सुपारी ही त्याची मुख्य कारणे. शस्त्रक्रियेनंतर जबडा बदलतो, बोलणे अस्पष्ट होते. ज्याचा सारा धंदा जिभेवर चालला, सौदा ज्याने बोलण्याने पटवला, त्याला फोनवर समोरचा 'काय? काय म्हणालात?' असे तीनदा विचारतो. हा आघात शरीराचा म्हणायचा की मनाचा? प्रोस्टेटच्या कर्करोगात हार्मोन दाबणारी औषधे दिली जातात. त्यांनी थकवा येतो, वैवाहिक जीवनावर परिणाम होतो आणि मनही खाली बसू शकते. या विषयावर पुरुष डॉक्टरांशी बोलत नाही, पत्नीशी बोलत नाही, आणि मित्रांशी तर मुळीच नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची २०२२ ची आकडेवारी या मौनाच्या शेजारी ठेवून पाहावी. त्या वर्षी देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत दर दहांपैकी सात पुरुष होते. नोंदवलेल्या कारणांत कौटुंबिक समस्यांच्या खालोखाल आजारपण होते, १८ टक्क्यांहून किंचित अधिक. धीर धरणारा म्हणून ज्याच्याकडे आपण पाहत नाही, त्याच्याविषयीचे हे आकडे आहेत.

आता स्त्री. तिच्या बाबतीत घर उलट्या दिशेने चुकते. तिचे रडणे दिसते, पण ते बाईमाणसाचे म्हणून हिशेबात धरले जात नाही. स्तनाच्या कर्करोगासाठी केमो चालू असलेली सून दुपारी पडून राहते, तेव्हा आल्यागेल्याला सांगितले जाते, 'केमोचा थकवा आहे.' तो असतोही. सहा महिन्यांनी केमो संपते, केस परत येतात, रिपोर्ट चांगले येतात, आणि ती तशीच पडून राहते. मग घराचा सूर बदलतो. 'आता तर बरी झालीस, आता काय?' या एका वाक्याने तिला उत्तर देण्याची सोयच उरत नाही.

तिच्या विषण्णतेला खाद्य पुरवणाऱ्या गोष्टी पुरुषाहून वेगळ्या असतात. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनमोल घरकामात घालवतात, तर पुरुष ९७ मिनिटे. रुग्ण झाल्याने ती पाच तासांची कामे कोणी उचलून नेत नाही. फार तर जाऊबाई थोडी वाटून घेतात, आणि त्याचे ओझे रुग्णाच्या मनावर राहते. माझ्यामुळे सर्वांना त्रास, ही भावना तिच्यात जितकी खोल जाते तितकी पुरुषात क्वचितच जाते, कारण त्याची सेवा होणे हे घराच्या रीतीतच बसलेले असते. वैयावृत्त्य हे आपण अभ्यंतर तप मानतो. त्या तपाचा लाभ घरातील पुरुषांनी किती घेतला, हे ज्याचे त्याने पाहावे.

खर्चाचा प्रश्न आणखी नाजूक आहे. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेने दिलेल्या माहितीनुसार १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० अवयव प्रत्यारोपणे झाली. त्यांपैकी स्त्रियांना मिळालेली अवघी ६,९४५. काही व्याधी पुरुषांत अधिक असतात हे धरूनही ही तफावत समजावून देता येत नाही. जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत मात्र आया, पत्नी आणि बहिणीच पुढे असतात. 'माझ्यावर इतका खर्च कशाला, मुलीचे लग्न आहे,' असे एखादी रुग्ण म्हणते तेव्हा आपण तिला त्यागी म्हणतो. ती स्वतःची किंमत शून्य धरू लागली आहे आणि हे विषण्णतेचे ठळक लक्षण असू शकते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

आणखी एक भीती ती उघड बोलत नाही. अमेरिकेतील तीन कर्करोग केंद्रांत ५१५ गंभीर रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्ण पती असता विभक्त होण्याचे प्रमाण २.९ टक्के होते. रुग्ण पत्नी असता ते २०.८ टक्के होते. आपल्याकडे घटस्फोट इतक्या सहज होत नाहीत. आपल्याकडे 'काही दिवस माहेरी राहून ये, तिथे आराम पडेल' असे होते, आणि ते काही दिवस लांबत जातात. मुलींच्या सोयरिकीत अडचण नको म्हणून आजाराचे नाव लपवले जाते. खुद्द तिच्यापासूनही ते लपवावे, अशी विनंती नातेवाईक डॉक्टरांना करतात. परळच्या त्या इमारतीवरील पाटी वाचता येणाऱ्या बाईपासून काय लपणार? फक्त तिला कोणाशी बोलण्याची वाट राहत नाही, एवढेच होते.

आता आपल्या समाजापुरत्या विशेष प्रश्नाकडे येतो. विषण्ण झालेल्या माणसाची गोडी सर्व गोष्टींतून उडते. आवडीचे जेवण नको, साडी नको, नातवंडांचा गलबला नको, लग्नकार्याला जाणे नको. ती खोलीत माळ घेऊन बसते. घरातील वडीलधारे आदराने म्हणतात, 'आजाराने तिचे मन धर्माकडे वळले, वैराग्य आले.' महिला मंडळात तिचे कौतुक होते. आणि ती आतून बुडत असते. पुरुषाचा आजार आपण राग समजतो, तर स्त्रीचा आजार वैराग्य समजून त्याला नमस्कार करतो. यापैकी अधिक घातक कोणते, हे मला ठरवता येत नाही.

खरे वैराग्य असते, आणि गंभीर आजारात ते उमलतेही, याविषयी शंका नाही. वेदनेत समता राखलेली माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. दोहोंत फरक मात्र ओळखता येतो. समता आलेल्या माणसाला शांत झोप लागते. तो इतरांची विचारपूस करतो, क्षमा मागतो आणि देतो, आणि त्याच्याजवळ बसल्यावर आपल्याला हलके वाटते. विषण्ण माणूस पहाटे तीनला जागा होतो. तो सतत स्वतःला दोष देतो, 'मीच पाप केले असेल' याभोवतीच फिरतो. माळेचे मणी सरकतात, पण मन जागचे हलत नाही. वैराग्यात 'मी'ची पकड सैल होते. विषण्णतेत तीच पकड आवळते. शास्त्रकारांनी आर्तध्यानाचे जे चार प्रकार सांगितले त्यांत वेदनेने होणारे आर्तध्यान स्वतंत्रपणे मोजले आहे. शरीराच्या पीडेने मन घेरले जाते हे त्यांनी ओळखले होते. 'आर्तध्यान करू नकोस, कर्मबंध होईल' असे रुग्णाला सुनावण्यासाठी ते वर्गीकरण केले गेले, असे मला वाटत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. रुग्ण 'आता मला नेले तर बरे' असे म्हणू लागला की काही घरांत त्याला सल्लेखनेच्या भावनेचा रंग दिला जातो. मरणाची इच्छा धरणे हा सल्लेखनेचा अतिचार, म्हणजे दोष, म्हणून शास्त्रातच सांगितलेला आहे. निराशेतून आलेली मरणेच्छा ही वैद्यकीय बाब आहे. तेव्हा संकोच न करता थेट विचारावे: 'जीव नकोसा वाटतो का? स्वतःला काही करून घ्यावे असे मनात येते का?' विचारल्याने तसा विचार मनात शिरतो ही समजूत खोटी आहे. उलट कोणीतरी विचारले, याने बांध फुटतो. उत्तर होकारार्थी आले तर त्या माणसाला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती सुरू झाली. मराठीतून बोलता येते आणि नाव सांगण्याची सक्ती नाही.

गंभीर आजारात विषण्णता ओळखणे डॉक्टरांनाही अवघड जाते, कारण थकवा, भूक मंदावणे, वजन घटणे, झोप मोडणे ही लक्षणे मूळ रोगाचीही असतात. या अडचणीवर तोडगा म्हणून १९८३ मध्ये झिगमंड आणि स्नेथ या दोन मनोविकारतज्ज्ञांनी रुग्णालयांतील रुग्णांसाठी चौदा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली आणि तिच्यातून शारीरिक लक्षणे हेतुपुरस्सर वगळली. पूर्वी ज्यात आनंद वाटे त्यात आता वाटतो का, एखाद्या गोष्टीची मजेदार बाजू दिसते का, पुढच्या एखाद्या प्रसंगाची उत्सुकता वाटते का, अशी तिची दृष्टी आहे. घरच्यांसाठी याहून सोपी कसोटी दोन प्रश्नांची आहे. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन खिन्न, हताश राहिले का? आणि कशातही रस किंवा आनंद वाटेनासा झाला का? दोहोंपैकी एकाचेही उत्तर 'हो' आले तर पुढच्या तपासणीच्या वेळी ते डॉक्टरांच्या कानावर घालावे. पुरुष रुग्णाच्या बाबतीत मी आणखी एक प्रश्न जोडेन: पूर्वी न येणारा राग आता रोज येतो का?

मनाच्या औषधापूर्वी काही साध्या रक्ततपासण्या मात्र अवश्य कराव्यात. ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने विषण्णतेसारखीच अवस्था येऊ शकते, आणि शुद्ध शाकाहारी घरांत ही कमतरता सर्रास आढळते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती अधिक होते. म्हणजे आपल्या समाजातील मधुमेही दुहेरी पेचात असतात. थायरॉईडची मंदगती स्त्रियांत अधिक, आणि तिनेही माणूस सुस्त व खिन्न होतो. रक्तक्षय तर आहेच. काही औषधेही मन बिघडवतात: स्टेरॉईड त्यांपैकी एक, औषधांना दाद न देणाऱ्या क्षयात दिले जाणारे सायक्लोसेरीन दुसरे. उलट बाजूनेही सावध राहावे लागते. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असलेल्या स्त्रीला विषण्णतेवरील काही गोळ्या, विशेषतः पॅरॉक्सेटिन, देऊ नयेत, कारण त्या टॅमॉक्सिफेनचा प्रभाव कमी करू शकतात. पर्यायी औषधे आहेत. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकमेकांना दाखवणे हे काम घरच्यांचे. फाईल एकच ठेवावी; पेढीचे चोपडे आपण जितक्या काळजीने ठेवतो, तितक्याच काळजीने.

या गोळ्यांची सवय लागते, हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. झोपेच्या काही गोळ्यांविषयी तो खरा आहे. विषण्णतेवरील औषधांविषयी नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि त्या एकाएकी बंद करायच्या नसतात, एवढे पथ्य. सौम्य विषण्णतेत समुपदेशनानेही चांगला गुण येतो. टाटा स्मारक रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. परिसरातच कामोठ्याच्या एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयात तो आहे. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली मानसिक आरोग्याची संस्था मराठी वाचकांना परिचित आहेच. कर्करोगातून बरे झालेल्या माणसांनी नव्या रुग्णांशी बोलावे, या हेतूने १९९४ पासून मुंबईत व्ही केअर फाउंडेशन काम करते. अशा गप्पांचा उपयोग विशेषतः स्त्रियांना होतो. आणि ज्याला रुग्णालयाच्या पायरीवर दुसरा व्यापारी भेटतो, त्या पुरुषालाही होतो.

खर्चाविषयी व्यापारी वाचकाला हे माहीत असावे की २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आहे, आणि त्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण देणे बंधनकारक आहे. मेडिक्लेमची पॉलिसी नूतनीकरणाच्या वेळी वाचून घ्यावी. बाह्यरुग्ण म्हणून घेतलेल्या सल्ल्याचा खर्च बहुतेक पॉलिसींत मिळत नाही, तेवढा पदरचा धरून चालावे.

व्रतनियमांचा प्रश्न अनेक श्राविकांच्या मनाला डाचतो. आयुष्यभर चौविहार पाळलेल्या बाईला रात्री दहाची गोळी घ्यावी लागते, पर्युषणात उपवास करता येत नाही, सामायिकाला बसवत नाही. शरीराच्या वेदनेवर ही नवी अपराधभावना बसते. पच्चक्खाणाच्या पाठातच आगार, म्हणजे सवलती, सांगितलेल्या आहेत आणि समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची मोकळीक त्यांत आहे. घरच्यांनी हे रुग्णाला वाद घालून पटवू नये. गुरुमहाराजांना किंवा साध्वीजींना घरी पगले करण्याची विनंती करावी आणि त्यांच्याच मुखातून तिला ते ऐकू द्यावे. एका वाक्याने जे ओझे उतरते ते दहा गोळ्यांनी उतरत नाही.

घरातल्या भूमिका थोड्या सैल असल्या तर आजाराचे ओझे कसे पेलते, याचे उदाहरण महाराष्ट्रासमोर आहे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या संस्थापक डॉ. सुनंदा तथा अनिता अवचट स्वतः मनोविकारतज्ज्ञ होत्या. येरवड्याच्या मनोरुग्णालयातील त्यांच्या नोकरीवर संसार चालला, आणि अनिल अवचटांनी लेखन करीत घर व मुली सांभाळल्या. त्यांना कर्करोग झाला. आजाराशी झगडत त्या काम करीत राहिल्या; १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. आजाराने त्यांच्या हातून काम काढून घेतले नाही, आणि पतीच्या हाताला घरकाम नवे नव्हते. आपल्या घरांत या दोन्ही गोष्टी एकदम जमणे कठीण आहे, हे मान्य. एकेक जमू शकते.

म्हणजे बापूजींच्या बाबतीत, डायलिसिस नसलेल्या दिवशी त्यांना दुकानात नुसते बसवू नये. एखादे खरे काम त्यांच्याकडे राहू द्यावे: जुन्या गिऱ्हाइकांची उधारी, गोदामातील मालाची पडताळणी, नव्या माणसाची पारख. त्यांचा निर्णय चुकला तरी तो त्या दिवसापुरता चालू द्यावा. आणि सुनेच्या बाबतीत, टाटाला जाताना सोबत नेहमी नणंद किंवा आई का असते, हे एकदा पाहावे. महिन्यातून एका तपासणीला पतीने दुकान मुनीमजींवर सोपवून जावे. सेतूवरून जाता-येता मिळून दोन तास गाडीत बसणे होते. फोन बंद ठेवला तर तेवढ्या वेळात ती काय बोलते, हे त्याला कळेल. पहिल्या खेपेला ती कदाचित काहीच बोलणार नाही; दुसऱ्या खेपेलाही त्यानेच जावे.